पुढचं सांग, आनंदा

आनंदराज सोनकांबळे राज्यपाल झाले ही बातमी निलंग्यात पोचली, तेव्हा त्यांची थोरली बहीण पंचशीलाअक्का दारात बसून तुरीची डाळ पाखडत होती. समोरचा धोंडप्पा दुकानदार पायात चप्पल न घालताच धावत आला.

"अक्का, तुमचा भाऊ राज्यपाल झाला! टीव्हीवर दाखवायलेत!"

"बरं झालं," अक्का म्हणाली आणि पाखडत राहिली. धोंडप्पाचा पार हिरमोड झाला.

आता राज्यपाल नेमकं करतो काय, हे गल्लीत कुणालाच धड ठाऊक नव्हतं. कुणी म्हणालं सह्या करतो, कुणी म्हणालं मंत्र्यांना शपथ देतो. "पोराला नोकरी लावतो का?" धोंडप्पानं विचारलं. न्हाई म्हटल्यावर तो म्हणाला, "मंग एवढा बंगला कशाला देत्यात त्याला!" राज्यही कुठलं, तर पार ईशान्येला, डोंगरातलं. पण म्हणून कुणाचा उत्साह कमी झाला नाही. चौकात फलक लागला, फटाके वाजले, आणि ज्यांनी साहेबांना जन्मात पाहिलं नव्हतं तेही त्यांचे वर्गमित्र निघाले.

साहेबांची पोलीस खात्यातली नोकरी होतीच तशी. जिथं दंगल, तिथं सोनकांबळ्यांना धाडा, असं खात्यात ठरलेलंच. पैशाला शिवले नाहीत. मंत्री आला तरी नियम, मेहुणा आला तरी नियम. होता होता महासंचालक होऊन निवृत्त झाले. नातेवाईकांनी मात्र त्यांच्याकडं जाणं कधीच सोडलं होतं, कारण गेलं की चहा मिळायचा आणि वर तासभर उपदेश.

अक्काचा सुगत त्याच खात्यात शिपाई होता, नांदेडला. मामाचं नाव सांगून नाही. पळून, गोळा फेकून, पेपर देऊन भरती झाला होता. एका वर्षी सणाचा बंदोबस्त लागला, सगळ्यांच्या रजा बंद झाल्या आणि नेमका त्याच वेळी सुगतला ताप भरला. अक्कानं भावाला फोन केला. तेव्हा साहेब मुंबईत मोठ्या हुद्द्यावर होते.

"आनंदा, पोराला उभं राहवत न्हाई रे. त्याच्या साहेबाला एक शब्द टाक."

"अक्का, नियम सगळ्यांना सारखा. आज भाच्यासाठी फोन केला, तर उद्या बाकीच्या शिपायांना काय तोंड दाखवू?"

दुसऱ्या दिवशी सुगत बंदोबस्त अर्ध्यात सोडून भाड्याच्या खोलीवर जाऊन पडला. हजेरीत गैरहजर लागला. संध्याकाळी खोलीतले जोडीदार परतले तेव्हा तो बोलत नव्हता, आणि विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता.

तेव्हापासून अक्काला रडू म्हणून आलं नाही. मातीच्या दिवशी नाही, पुढं पुण्यानुमोदनाला नाही. स्वयंपाक करायची, जेवायची, झोपायची. लेक बुद्धप्रिया कधी म्हणायची, "आई, एकदा मोकळी हो गं." अक्काला ते कसं करतात तेच आठवत नव्हतं.

एके दिवशी बुद्धप्रियाच्या मोबाइलवर मामाचं एक भाषण आलं. कुठल्याशा कॉलेजात साहेब सांगत होते: माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा शिपाई होता, त्याला रजा हवी होती, बहिणीनं फोन केला, मी साफ नाही म्हणालो! टाळ्यांचा कडकडाट. गोष्ट तिथंच संपायची. मग तसली आणखी भाषणं आली. कुठंच ताप नव्हता. कुठंच मरण नव्हतं. निलंग्यातही ती भाषणं घरोघर फिरली, आणि धोंडप्पासारखी माणसं अक्काच्या पाठीमागं बोलायला लागली, की पोरगं मुळातच कामचुकार, रजेवर डोळा असलेलं. अक्काच्या कानावर ते आलंच. मेलेल्या पोराला नावं ठेवलेली तेवढी तिला सोसवली नाहीत.

म्हणून लातूरला साहेबांचा जाहीर सत्कार ठरला, तेव्हा अक्का आपण होऊन निघाली. बुद्धप्रियाला घेऊन सकाळच्या एसटीनं लातूर गाठलं. विश्रामगृहावर फाटकापासून दारापर्यंत पोलीसच पोलीस. आत सोडायला तास गेला. साहेब वाकून तिच्या पाया पडले. बाजूला सोनेरी दोऱ्या लावलेला तरुण अधिकारी घड्याळ बघत उभा होता.

"अक्का, तब्येत काय म्हणती?"

"हाय बरी. आनंदा, तू भाषणात माझ्या सुगतचं सांगतूस. सांग बाबा. पर आज पुरं सांग. त्याला ताप हुता, म्या तुला तसं बोलले हुते, आन् पोरगं त्यातच गेलं, असं सांग. आपल्या गावची माणसं आल्यात. त्यांला कळू दे, माझं लेकरू कामचुकार न्हवतं. दुसरं कायी मागत न्हाई."

साहेबांनी खिडकीकडं बघितलं. मग म्हणाले, "बघतो, अक्का."

आता पोलीस खात्यात उभा जन्म गेलेल्या माणसाचं 'बघतो' म्हणजे काय, हे ठाण्याची पायरी चढलेल्या कुणालाही विचारावं. पण अक्का आशेवर बसली. माणूस बसतोच.

सभागृह खचाखच भरलं होतं. सूत्रसंचालन करणारे प्राध्यापक संगमेश्वर दर दोन वाक्यांनी 'माननीय राज्यपाल महोदय' म्हणत होते. हार झाले, शाली झाल्या, मग साहेब बोलायला उठले. गावाचं, शाळेचं, बाबासाहेबांच्या उपकाराचं बोलले. आणि मग आलं ते. "माझ्या सख्ख्या भाच्याला रजा हवी होती. बहिणीनं फोन केला. मी म्हणालो, नियम सगळ्यांना सारखा!" टाळ्या पडल्या. साहेबांनी टाळ्या संपू दिल्या आणि पुढच्या विषयाला हात घातला.

अक्का उभी राहिली.

"पुढचं सांग, आनंदा."

तिला माइकची गरज लागली नाही. एक महिला पोलीस लगबगीनं तिच्याकडं निघाली, ती साहेबांनी हात करून थांबवली. त्यांचा चेहरा असा काही उतरला, की अक्काला वाटलं, सांगतोय. आता सांगतोय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या छातीत धडधडलं.

"पुढं..." साहेब म्हणाले. त्यांनी समोरच्या गर्दीकडं पाहिलं, मग कॅमेऱ्यांकडं. "पुढं माझा भाचा सुगत, बंदोबस्तावर असताना, कर्तव्य बजावता बजावता शहीद झाला."

बापरे, काय गलका उठला! लोक ताडकन उभे राहिले. "शहीद सुगत अमर रहे!" पोरासोरांनी घोषणांनी सभागृह डोक्यावर घेतलं. धोंडप्पा तर उपरण्यानं डोळे पुसत होता. प्राध्यापक संगमेश्वर तयारीचे गडी, त्यांनी लगेच पुकारलं, "वीरमाता पंचशीलाबाईंचा सत्कार माननीय राज्यपाल महोदयांच्या हस्ते!" कुणीतरी साहेबांच्याच सत्कारातली एक शाल उचलून पुढं केली. कुणीतरी अक्काला दंडाला धरून पायऱ्यांवरून वर नेलं. बुद्धप्रिया मागनं "आई, आई" करत होती, तिला खालीच अडवलं.

साहेबांनी अक्काच्या खांद्यावर शाल टाकली. ती टाकताना त्यांचा चेहरा तिच्या कानाशी आला.

"तापानं गेलं रे ते," अक्का म्हणाली. "खोलीवर. एकलंच."

साहेबांची नजर समोरच होती, ओठ जेमतेम हलले.

"ठावं हाय, अक्का. फोटू होऊ दे."

अक्कानं कोरड्या डोळ्यांनी समोर कॅमेऱ्याकडं बघितलं.