बुरुजावरचा अज्ञात जवान

हिंदुराव पळून गेला असं जो म्हणेल त्याच्या घरचं पाणीसुद्धा सोनाबाई प्यायची नाही. या हट्टापायी मोडनिंबातली निम्मी घरं तिला बंद झाली होती. एकाहत्तरच्या लढाईत तिचा नवरा कोकणातल्या एका बुरुजावर पहाऱ्याला होता. एका सकाळी तो जागेवर दिसला नाही आणि लष्करानं कागदावर ‘फरार’ लिहून हात झटकले. शोधायची तसदी कुणी घेतली नाही. उलट पोलीसच दोनदा येऊन हिच्या कणगीत हात घालून बघून गेले. चोपन्न वर्षं ती एकच सांगत आली, माझा माणूस पळणाऱ्यातला नव्हता.

आता ती मुलाकडे, सोलापुरात शुक्रवार पेठेत असते. यंदा नात ऋतुजा कॉलेजच्या सहलीला गेली आणि नेमका तोच बुरूज बघून आली. इंग्रजांनी समुद्रावर नजर ठेवायला बांधलेला, लढाईनंतर ओस पडलेला, शेळ्यांनी घाण केलेला तो बुरूज आता रंगवून, दिवे लावून लष्करी संग्रहालय झाला होता. तळातलं पाण्याचं टाकं साफ करताना माणसाची हाडं आणि जवानाच्या गळ्यात असते तशी, नंबर कोरलेली चकती सापडली होती. शेवटचे दोन आकडे झिजले होते, म्हणून ती कुणाची ते कळलं नव्हतं. चकती काचेत ठेवून खाली पाटी लावली होती, ‘अज्ञात जवान. कर्तव्यावर असताना मृत्यू.’ ऋतुजानं उरलेले आकडे वाचले आणि पुन्हा वाचले. तेच आकडे ती लहानपणापासून आजीच्या हातावर बघत आली होती.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, लिहिता येत नाही, मग पोस्टात पत्राची चौकशी करायची कशी? म्हणून लग्नाच्या वर्षीच सोनाबाईनं बाजारातल्या गोंदणारणीकडून त्याचा पलटणीतला नंबर मनगटावर गोंदवून घेतला होता. पोस्टमास्तरपुढे हात धरला की काम व्हायचं.

ऋतुजानं संग्रहालयाला फोन करून पूर्ण नंबर कळवला. आठवड्याभरात तिथले अधिकारी अनिमेष स्वतः घरी आले.

“हाडं कुटं हायत?” सोनाबाईनं पहिलं तेच विचारलं.

“आजी, ठेकेदाराच्या माणसांनी ती गाळाबरोबर बागेच्या भरावात टाकली. आम्हाला उशिरा कळलं, मग खणूनही सापडली नाहीत.”

सोनाबाईच्या अंगाची आग आग झाली. पण चोपन्न वर्षांत भांडून काय मिळतं ते तिला पाठ झालं होतं.

“बरं. पाटीवर नाव तरी लिवा.”

“नावाला लष्कराचा दाखला लागतो. मी ओळखीतून विचारलं. त्या नंबरापुढे अजून ‘फरार’च आहे. हाडं असती तर तपासणी करता आली असती. नुसती चकती पळणाराही टाकून जातो, असं म्हणतात ते.” अनिमेष यांनी पिशवीतून एक कागद काढला. “नंबर तुमच्या माणसाचा आहे असं तुम्ही यावर लिहून दिलंत, तर मला पाटी बदलावी लागेल. फरार जवानाची चकती असं लिहावं लागेल. कदाचित काचेतून काढायलाही लावतील.”

“आणि न्हाई दिलं तर?”

“तर आहे तसंच राहील. अज्ञात जवान.”

“आजी, आपण कोर्टात जाऊ की,” ऋतुजा रडवेली होऊन म्हणाली.

“किती वरसं लागत्याल सायेब?”

“दहा तरी,” अनिमेष म्हणाले. सोनाबाईला त्र्याहत्तरावं चालू होतं.

“पोरं सलाम करत्यात म्हनं त्याला?”

“रोज करतात. पंधरा ऑगस्टला तर बँड असतो.”

सोनाबाईनं पदर मनगटावर ओढून घेतला.

“पोरीची चूक झाली सायेब. त्यो नंबर आमचा न्हवं.”

अनिमेष कागदाची घडी घालू लागले. घडी पुरी व्हायच्या आत ती खाली बघत म्हणाली, “आमचा मानूस पळून गेला हुता.”