तेलाचा गोल डाग

"आडवं घास, कॉझ. लाकडाच्या रेषेला आडवं. उभं घासलंस तर मऊ लाकूड वाहून जाईल नि कडक रेषा तेवढ्या वर येतील, म्हाताऱ्या घोड्याच्या बरगड्यांसारख्या."

हा आवाज कॉझ्नेलच्या कानात जन्माचा मुक्कामाला होता. कोणाचा, असं कोणी विचारलं तर तो खुशाल सांगायचा, आजोबांचा.

आजही बेटाच्या टिरेल बे या खाडीत, उथळ पाण्यात नांगरलेल्या 'रोझालिन' या शिडाच्या होडीवर तो गुडघे टेकून होता. समुद्रातून बादली, बादलीतून फळीवर पाणी, पाण्यावरून मऊ ब्रश, आडवा, हलका, बाळाचं डोकं धुवावं तसा. सागवानाच्या त्या फळ्या वाऱ्यापाण्याने चांदीसारख्या करड्या झाल्या होत्या. त्यांच्याइतकं शहाणं कॉझ्नेलला या जगात कोणी वाटत नसे. माणसं तर मुळीच नाहीत. होडीचा मालक हॉलंडातला दातांचा डॉक्टर. जन्मभर दुसऱ्यांचे दात घासून घेतलेल्या या माणसाला घासणं म्हणजे काय ते ठाऊक नाही. पाहुणे येतात ते अंगाला तेल चोपडून डेकवर लोळतात, तळलेल्या माशासारखे. आणि स्वयंपाकी? त्यांच्याविषयी कॉझ्नेल बोलतच नसे, नुसता पाण्यात थुंकत असे.

डोलकाठीच्या बुंध्याशी एक डाग होता. थाळीएवढा, गोल, तेलकट. दर वर्षी नोव्हेंबर उजाडला की तो तिथेच उमटायचा. कॉझ्नेलने एकदा तो एका फ्रेंच जोडप्याच्या माथी मारला, एकदा स्वयंपाक्याच्या, एकदा तर थेट मालकाच्या. खडूच्या भुकटीत धुण्याची पावडर कालवून त्याचा लेप तो डागावर थापायचा. लेप वाळताना तेल ओढून घ्यायचा आणि पंधरवड्यात डाग विरून जायचा. यंदाही त्याने सकाळीच लेप थापला होता, पण पंधरवडा हाताशी नव्हता.

"बूट," कॉझ्नेल मान वर न करता म्हणाला.

शिडीवरून वर आलेल्या रॉल्स्टनने बूट काढले. परदेशी मालकांच्या वतीने होड्या बघणारा हा गावातलाच माणूस. पांढरी चड्डी, गळ्यात काळा चष्मा, आणि खाली त्याच्या लहान होडीत लाकूड तासायचं मशीन.

"अंकल कॉझ, परवा पाहुणे येतायत. संध्याकाळपर्यंत डाग गेला तर ठीक. नाहीतर मी मशीन फिरवतो. सगळं डेक कसं मधासारखं पिवळं होईल."

"तुझ्या बायकोच्या केसांसारखं. मुळं काळीच ना रे?"

रॉल्स्टन हसला. कॉझ्नेलने बोटाने फळीतलं एक लाकडी बूच दाखवलं. खाली स्क्रू, वर ते बूच. आधीच्या मालकांनी पिवळेपणाच्या हौसेपायी इतकं तासून घेतलं होतं की बूच आता नखाइतकं पातळ उरलं होतं. आणखी एकदा मशीन फिरलं की स्क्रूंची डोकी उघडी पडणार, तिथून पाणी आत शिरणार, डेक उपटावं लागणार.

"मग उपटू की," रॉल्स्टन म्हणाला. "प्लास्टिकचं मिळतं हल्ली. हुबेहूब सागवान. धुवायला माणूससुद्धा लागत नाही."

कॉझ्नेलने बादली पुन्हा समुद्रात सोडली. रॉल्स्टन शेजारच्या होडीवर निघून गेला.

दुपारी त्याची बायको आयान्थी डबा घेऊन आली. चपला तिने शिडीपाशीच काढल्या. नारळाच्या दुधात तेल सुटेस्तोवर शिजवलेला नीरफणस, त्यात खारवलेलं मांस. कॉझ्नेल डागाकडे पाठ करून जेवत होता आणि प्रत्येक घासागणिक एकेकाचा उद्धार करत होता. कोण डुक्कर दर वर्षी नेमकं इथेच पातेलं टेकवतं, त्याच्या आईने त्याला ताटं मांडायला शिकवलं नाही काय.

"पातेलं नाही ते," आयान्थी म्हणाली. "भोपळ्याचं भांडं. त्यातून तेल झिरपतं."

कॉझ्नेलचा घास हातातच राहिला.

दर नोव्हेंबरात मेलेल्यांची थाळी बेटावर घरोघर वाढली जाते. भोपळ्याच्या भांड्यात वाढून पांढऱ्या कापडावर ठेवायची, दार लोटायचं, रात्रभर तिकडे कोणी फिरकायचं नाही. कॉझ्नेलच्या घरी त्याच्या आईची होती, बापाची होती. थोरल्या भावाची, लायलची, नव्हती. भांडून त्रिनिदादला निघून गेला आणि तिकडेच मेला, त्याला या घरात वाढायचं नाही, असं कॉझ्नेलने एकदा बजावलं होतं. त्याच्या मातीलाही कॉझ्नेल गेला नव्हता.

"घरात नको म्हणालास," आयान्थी म्हणाली. "म्हणून त्याच्या हातचं काम जिथे आहे, तिथे आणून ठेवत होते. खाली कापड घालायचे रे. तरी उतरतं तेल."

कॉझ्नेल वळला. डोलकाठीभोवती फळ्या गोल वळवून बसवलेल्या होत्या, एकीच्या कुशीत दुसरी. बंदरावर ही जागा तो लोकांना कौतुकाने दाखवत असे, आणि कोणी केली हे सांगायची वेळ आली की बादली उचलत असे.

त्याने डबा झाकला. दुपारभर ब्रशला हात लावला नाही. लेप आपोआप वाळला, भेगाळला, वाऱ्याने थोडा उडाला. खालचा डाग होता तसाच होता.

ऊन उतरल्यावर रॉल्स्टन मशीन खांद्यावर घेऊन वर आला. या खेपेला बूट त्याने न सांगता काढले. वायर सोडत तो डोलकाठीकडे निघाला.

"तिथे पाय नको देऊस," कॉझ्नेल म्हणाला. "थाळीची जागा आहे."

रॉल्स्टन जागीच थबकला. त्याच्याही आईची थाळी दर वर्षी वाढली जात होती. त्याने मशीन अलगद खाली ठेवलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"कोणाची थाळी, अंकल?"

आयान्थी शिडीपाशी चपला हातात घेऊन उभी होती. कॉझ्नेलने एकदा तिच्याकडे पाहिलं.

"माझ्या भावाची," तो म्हणाला. "लायलची. या फळ्या त्यानेच बसवल्या. आडवं घासायलाही त्यानेच शिकवलं मला."