नागीण वाळल्यावर

धरणगाव तालुक्यातल्या त्या गावात सरकारी दवाखाना आला, तरी नागिणीपुरती गावाला भागाबाईच पुरत होती. कुणाच्या बरगडीवर पाण्याच्या फोडांचा पट्टा उठला, अंगाची आग व्हायला लागली, की माणूस सदरा हातात घेऊन तिच्या ओट्यावर येऊन बसायचा. नागिणीचं तोंड आणि शेपूट अंगाला वळसा घालून एकमेकांना भेटलं की माणूस गेला, हे तिकडे पोरासोरांनाही ठाऊक. भागाबाई वाटीत गेरू कालवायची, ओठातल्या ओठात काही पुटपुटायची आणि तोंडाशी एक, शेपटीशी एक अशी बोटानं आडवी रेघ ओढायची. नागीण तिथंच अडायची. फोड वाळायचे, खपल्या धरायच्या. पैसा ती घ्यायची नाही, साधा नारळसुद्धा नाही. सासूनं विद्या देताना तसं बजावलं होतं. मान मात्र पुरेपूर घ्यायची. जेवणाचं बोलावणं नीट आलं नाही, तर भागाबाई त्या मांडवाकडे ढुंकून बघत नसे. आणि तिचा नवरा चुडामण नाना तर बायकोच्या या कीर्तीवर गावभर मिशीला पीळ देत हिंडायचा, जसा काही गेरू त्यानंच खाणीतून खणून काढला होता.

शहाण्णव साली दवाखान्यात नवी डॉक्टरीणबाई आली. नाशिककडची, बारीक चणीची, बोलायला सरळ. खोकल्याला म्हणून आलेल्या एका तरण्या पोराच्या पाठीवर तिनं गेरूची रेघ पाहिली, आणखी एकाच्या कमरेवर पाहिली, आणि एका दुपारी विचारत विचारत भागाबाईच्या ओट्यावर येऊन बसली. भागाबाईला वाटलं, बाईला स्वतःलाच नागीण झाली असणार. तिनं आनंदानं वाटी पुढं ओढली.

"अक्का, मी भांडायला आलेली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाला नागीण झाली, तर तुमच्या गेरूबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पंचविशी-तिशीतला माणूस आला, तर त्याला माझ्याकडे पाठवा. त्याचं रक्त तपासायला हवं."

का, म्हणून भागाबाईनं विचारलं. मग बाईनं समजावलं, की लहानपणी कांजिण्या येऊन गेलेल्या असतात, त्यांचं विष अंगात निपचित पडून राहतं आणि अंगाची ताकद घटली की नागीण होऊन वर येतं. म्हातारपणी ताकद घटतेच. तरण्याची का घटावी? सगळ्यांच्या नाही, पण काहींच्या रक्तात एड्सचा रोग शिरलेला असतो. तो रोग स्वतः दिसत नाही. बांध फुटलेल्या शेतात कुणाचीही ढोरं शिरावीत, तसे मग टीबी, हगवण, तोंडातला पांढरा बुरा असे एकेक आजार आत शिरतात. नागीण बहुतेकदा सगळ्यांच्या आधी येते. आणि उठता उठता बाई आणखी एक बोलली. नागीण तिची तीच दोन-तीन आठवड्यांत वाळते, गेरू लावा की लावू नका.

झालं! भागाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईला तिनं ओट्यावरून उठवलं नाही एवढंच, पण पाठ फिरल्यावर असं काही तोंड सोडलं की शेजारच्या म्हशीनं कान टवकारले. सासूची विद्या खोटी, म्हणे. आणि एड्स? एस.टी. स्टँडच्या भिंतीवर सरकारनं रंगवलं होतं ते? ती भिंत वाचून पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत हसायची. मोठी माणसं म्हणायची, मुंबईचा रोग आहे, आपल्याकडे कपाशीला अळी लागते, माणसाला नाही.

पण रागातसुद्धा तिला पुना आठवला. पुना तिच्याच गल्लीतला. सुरतेला साड्यांच्या छपाईत कामाला होता. दोन वर्षांपूर्वी बरगडीवर नागीण घेऊन आला, भागाबाईनं उतरवली, त्यानं गावभर तिचं नाव केलं. त्यानंतर हगवण लागली ती थांबलीच नाही. तोंडात पांढरा थर, गिळता येईना. वाळून चिपाड झाला आणि धुळ्याच्या दवाखान्यात वारला. गाव म्हणालं, टीबी.

त्याची बायको कमलबाई भागाबाईबरोबर निंदायला यायची. एके दिवशी भागाबाईनं तिला बांधावर आडोशाला घेऊन सरळ विचारलं. कमलबाईनं खुरपं मातीत रोवलं. मग म्हणाली, धुळ्याच्या डॉक्टरांनी पुनाचं रक्त तपासलं होतं. तोच रोग होता. आणि खाली बघूनच तिनं पुढचं सांगितलं.

"अक्का, मनं बी रगत काढं. मना अंगमा बी शे."

कमलबाई तेव्हा पंचविशीचीसुद्धा नव्हती. घर सोडून कधी कुठं गेली नव्हती, कुणाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. भागाबाईला त्या रात्री भाकर गोड लागली नाही. तिला पुनाचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. आपण त्याची नागीण उतरवली म्हणून तो निर्धास्त झाला, आणि निर्धास्तपणे घरी नांदला.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली, तसा तिचा एकुलता एक मुलगा अभिमन सुरतेहून गावी आला. तोही छपाईतच होता. आखाजीनंतर त्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी पारोळ्याकडच्या पंडित पाटलांची, बेबा नावाची. उंच, हसरी, सातवी शिकलेली. भागाबाईनं तिला बघताक्षणी पसंत केलं होतं आणि सून घरात आल्यावर चूल कुणी सांभाळायची, इथपर्यंत मनात बेत करून ठेवले होते. अभिमननं पिशवी खुंटीला लावली, पाणी प्याला आणि सदरा वर केला.

"माय, तेवढा गेरू लाई दे."

डाव्या बरगडीवर फोडांचा पट्टा पाठीपर्यंत गेला होता. अशा किती बरगड्या तिनं पाहिल्या असतील, पण ही तिच्या पोटची होती. पोरगा वेदनेनं ओठ चावत होता. तिनं गेरू कालवला आणि लावला. आई होती, न लावून करते काय? पण लावताना ओठातलं पुटपुटणं तिला आठवेना. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला गोठ्यात गाठलं आणि सुरतेत काय केलंस ते विचारलं. आधी तो चिडला, मग मान खाली घालून म्हणाला, की खोलीतले सगळेच पगाराच्या दिवशी जायचे, मीही गेलो, पुना तर बरोबरच असायचा. भागाबाईनं कपाळावर हात मारून घेतला नाही, की रडली नाही. ती म्हणाली, धुळ्याला चल, रक्त तपासू. तो म्हणाला, बघू.

ती रोज म्हणायची आणि तो रोज बघू म्हणायचा. एवढ्यात नागीण वाळली. खपल्या गळाल्या, नवी गुलाबी कातडी आली. चुडामण नानानं पारावर बसून सगळ्यांना सांगितलं, की घरचं औषध घरच्याला लागू पडलं. आणि अभिमनला तर मोकळं रानच मिळालं.

"वाळी गयी ना नागीण?" तो म्हणाला. "तुना हातना गुण शे, माय. आते काय तपासानं?"

तिच्या हाताला गुण आहे, हे तीच तर जन्मभर सांगत आली होती. पुनाही याच भरवशावर घरी नांदला होता. तिनं डॉक्टरीणबाईला गाठून विचारलं, नागीण वाळली म्हणजे रोग गेला असं होतं का? बाई म्हणाली, नाही. आत असेल तर आतच आहे, आणि लग्न झालं तर मुलीलाही जाईल, उद्या तिच्या लेकरालाही जाऊ शकेल. भागाबाईनं नवऱ्याच्या कानावर घातलं, तर तो तिच्यावरच उखडला. पत्रिका वाटून झाल्या, आता हे खूळ काढलंस तर घराण्याला काळं लागेल, पुन्हा ब्र काढायचा नाही.

बस्त्याच्या दिवशी पंडित पाटील, त्याची बायको आणि चुलतभाऊ आले. इथं चहा घेऊन सगळ्यांनी कपडे खरेदीला जळगावला जायचं होतं. ओसरीवर सतरंजी टाकली. भागाबाई आतून बघत होती. पोराला तिनं सकाळी शेवटचं विचारलं होतं, तो बूट पुसत राहिला होता. चहा घेता घेता पंडित पाटील मोठ्या मनानं म्हणाला, की जावईबापूंना नागीण झाल्याचं ऐकून काळजी वाटली होती, पण इथं खुद्द अक्कांचा हात असताना आम्ही कशाला घाबरायचं?

भागाबाई डोक्यावरचा पदर सारखा करून बाहेर आली आणि पुरुषांच्या समोर उभी राहिली. तसं ती कधी करत नसे.

"पंडितभाऊ, मना हातमा काही गुण नही शे," ती म्हणाली. "नागीण तिनी तीच वाळस. मी नुसता गेरू लावस."

चुडामण नाना उठून उभा राहिला. पंडित पाटलाला आधी वाटलं, बाई नम्रतेनं बोलते आहे. तो हसलाही.

"तरणा पोऱ्याले नागीण व्हयनी, ते रगत तपासनं पडस," ती पुढं म्हणाली. "मना पोऱ्यानं तपासेल नही. तपासाशिवाय तुमनी आंडेर, बेबा, मना घरमा येवाव नही."

मग जे झालं ते सांगायला नको. नाना तिच्या अंगावर धावला, चुलतभावानं त्याला आवरलं. पंडित पाटलानं चहाचा कप तसाच खाली ठेवला. एस.टी. स्टँडची भिंत त्यानंही वाचली होती, त्याला कळायला वेळ लागला नाही. तो म्हणाला, की आपल्या मुलीचं नाव या घराशी जोडलं गेलं हेच तिचं दुर्दैव, आणि या उंबऱ्यावर मी पुन्हा थुंकायलासुद्धा येणार नाही. अभिमन आईकडे नुसता बघत होता. त्या नजरेत एवढा द्वेष होता, की भागाबाईला वाटलं, आपण पोरगा आजच गमावला.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो सदरा घालून ओट्यावर उभा होता. आईकडे न बघताच "चाल" म्हणाला. दोघं धुळ्याच्या गाडीत बसली. आठवड्यानं निकाल आला आणि जी भीती होती तेच निघालं. अभिमन हॉस्पिटलच्या आवारात लिंबाखाली उकिडवा बसून लहान पोरासारखा रडला. भागाबाई त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. तिलाही रडू येत होतं. पण बेबा वाचली, हे त्या रडण्यातसुद्धा तिला लख्ख दिसत होतं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

गावानं त्यांना सोडलं नाही. पाणवठ्यावर बायका तिची घागर आली की आपल्या घागरी बाजूला सरकवत. ओट्यावर कुणी फिरकेना. आला एखादा तरणा माणूस सदरा हातात घेऊन, तर ती त्याला हाताला धरून दवाखान्यात नेऊन सोडायची आणि शिव्या खायची. नाना महिनाभर तिच्या हातचं जेवला नाही. भागाबाई मात्र हटली नाही. कमलबाईला सासरच्यांनी वेगळं काढलं, तेव्हा भागाबाईनंच तिला आपल्या ओसरीत जागा दिली आणि नानाला सांगितलं, की ही राहणार, तुम्हाला राहायचं नसेल तर बघा. बाजाराच्या दिवशी डॉक्टरीणबाई माइक घेऊन उभी राहिली की ही बाजूला उभी राहायची. आणि कुणी हसलं तर म्हणायची, मनं घर देखी ल्या, मंग हासा.

वर्ष उलटलं. अभिमनला मानेत टीबीच्या गाठी आल्या होत्या, तोंड सारखं यायचं, त्याला घेऊन ती धुळ्याला गोळ्यांसाठी जायची. त्या दिवशीही दोघं रक्त तपासायच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली होती. समोरून पंडित पाटील आला. बरोबर एक सावळा, लाजरा तरुण होता. भागाबाईनं पदर पुढं ओढून मान फिरवली. हा माणूस चारचौघांत आपला अपमान करणार, आणि तो करायचा त्याला हक्क आहे, असं तिला वाटलं.

पंडित पाटील तिच्यापुढं येऊन थांबला. त्यानं अभिमनच्या मानेतल्या गाठींकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"याहीण," तो म्हणाला. विहीण न झालेल्या बाईला त्यानं विहीण म्हटलं. "हाऊ नवा जवाई शे. बेबा सांगस, तपासाशिवाय मांडवमा उभी ऱ्हावाव नही. म्हणीसन याले आठे लई उनू."

तो तरुण अवघडून उभा होता, दारातून आत दिसणाऱ्या सुईकडे चोरून बघत होता. मग अभिमन बाकावर सरकला. अंगात ताकद नव्हती, हात टेकून टेकून सरकला, आणि शेजारची मोकळी जागा त्यानं हातानं झटकली.

"बठ भाऊ," तो म्हणाला. "भेऊ नको. जास्त दुखस नही."