डीची पाटी परत माझ्या दारावर

ओळखा पाहू, कोण खरखरतंय? मी, ताईच्या संगणकातली जुनी हार्ड डिस्क. घाबरू नका, ही खरखर म्हातारपणाची नाही, हसण्याची आहे.

माझं शिक्षण विचाराल तर शून्य आणि एक. दोन आला की घाम फुटतो. कारखान्यात मला चकचकीत तबकड्या मिळाल्या, आणि तिथून मी आले ती थेट ताईकडे. ताई लहान मुलांना नाच शिकवते. तिने कापून, जोडून केलेली सगळी गाणी माझ्या पोटात. माझ्या दारावर अक्षर होतं डी. डी म्हटलं की मी हजर!

पुढे तो संगणक आटोपला आणि मी पडले टेबलाच्या खणात. शेजारी मेलेले सेल आणि मोजपट्टी. सेल बोलेनात, आणि मोजपट्टी येताजाता माझी लांबी काढी.

अखेर नवा संगणक आला. जोडायला मामा. मामाला सगळं येतं, फक्त नंतर ते पुन्हा करावं लागतं. ताईच्या आईला दिसेल त्या वस्तूवर चिठ्ठी डकवायची खोड. तिने माझ्या पाठीवर ठसठशीत 'डी' डकवला. "झालं काम!" म्हणत मामाने मला आत बसवलं.

पण संगणक कुणाची पाठ वाचतो का? त्याने आपल्या मनाने अक्षरं वाटली. सी नव्या डिस्कला, डी सीडीच्या कप्प्याला, ई कार्डाच्या फटीला. मला उरलासुरला एफ!

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत मुलांचा नाच. त्यांचे आईबाप खुर्च्या धरून बसलेले. ताईने नव्या संगणकात उतरवून घेतलेली गाण्यांची यादी चालवली, तर एकही गाणं सापडेना.

मामाने डीवर टिचकी मारली. सीडीचा कप्पा जीभ काढल्यासारखा बाहेर आला.

"डी रिकामी! डिस्क मेली गं."

"मामा, असं नको ना बोलू! ती गाणी दुसरीकडे कुठेच नाहीत."

"आणि ही एफ कोण उपटसुंभ? नवीच दिसतेय. फॉरमॅट मारून कामाला लावतो."

फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी! माझं हसू तबकडीवरच थिजलं.

"थांब रे शहाण्या!" आई ओरडली. "चिठ्ठी नसलेली बरणी मी आधी उघडून हुंगते, मग ओतते."

मामाने एफ उघडली. आत सगळी गाणी! ताईने आनंदाने मामाच्या पाठीत धपाटा घातला.

"पण यादी डीच्या दारात शोधतेय ना," ती म्हणाली.

मामाने अक्षर बदलायची खिडकी काढली. माझ्यासाठी डी मिळेचना.

"मिळेल कसा? तो कप्पा बसलाय ना तिथे," आई म्हणाली. "आधी त्याला उठव, मग हिला बसव."

मामाने कप्प्याला पार टोकाचा झेड दिला आणि डी मला. ताईने यादी चालवली, आणि ढोल असा घुमला की पोरांच्या आधी मामाच नाचला!

मामा आता सांगत फिरतो, मेलेली डिस्क जिवंत केली म्हणून. सांगू दे बापडा, मी काही चुगली करायची नाही. मात्र तुम्हाला एक विनवणी. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांची पाटी कधी बदलते, कधी गळून पडते. पुसायच्या आधी दार तेवढं उघडून बघा.

बरं, आता गप्प बसते. पोरं "पुन्हा, पुन्हा" ओरडतायत आणि ताईने डी म्हटलंय. आलेच!