सातव्या ओळीपर्यंत कोणी येईना

मी एक जुना उतारा आहे. स्पॅनिश भाषेतला, एका पानाचा, बावीस ओळींचा. मला प्लास्टिकच्या आवरणात बंद केलेले आहे, त्यामुळे माझ्यावर चहा सांडला तरी पुसता येतो, आणि तो पुष्कळदा सांडला आहे. माझ्या पोटाखाली पाच प्रश्न आहेत आणि प्रत्येक प्रश्नाला चार-चार पर्याय. वाचलेले किती कळते हे तपासण्यासाठी मला बनवले. मित्रांनो, मी रागावलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म मीरा रोडच्या पेणकरपाड्यातल्या एका भाड्याच्या खोलीत झाला. सुचेता मॅडम तेव्हा नुकत्याच लालबागची जागा सोडून इकडे राहायला आल्या होत्या. मुंबईतल्या एका ऑफिसात त्यांनी बारा वर्षे स्पॅनिश पत्रे वाचली होती. ती नोकरी सोडून त्यांनी स्पॅनिशचा क्लास काढला आणि मधल्या पातळीच्या मुलांसाठी, म्हणजे ज्यांना नाव-गाव-बाजारहाट बोलता येतो पण सलग पान वाचायला दिले की घाम फुटतो अशांसाठी, मला लिहिले. एका रविवारी सकाळी बसल्या त्या दिवे लागेपर्यंत. गॅसवरची भाजी करपली तरी उठल्या नाहीत. मला कोणी इतका जीव लावला तो तेवढाच एक दिवस.

माझ्यात रेमेदिओस नावाची एक बाई आहे. स्पेनच्या किनाऱ्यावर ती मासे सुकवते. पाचव्या ओळीत आभाळात काळे ढग येतात आणि शेजारणी आपले मासे घरात नेतात. सहाव्या ओळीत रेमेदिओस हसते. हे ढग समुद्राकडे निघालेत, आपल्याकडे पडायचे नाहीत, असे म्हणते. सातव्या ओळीत दुपारी वारा फिरतो आणि रस्त्यावरची धूळ माशांवर यायला लागते. तेव्हा कुठे ती टोपल्या उचलते. त्या दिवशी पावसाचा थेंबही पडला नाही, हे नवव्या ओळीत स्पष्ट लिहिले आहे.

आणि चौथा प्रश्न असा: रेमेदिओसने मासे का उचलले? पर्याय अ, पाऊस येणार होता. पर्याय ब, वाऱ्याने धूळ येत होती. बाकीचे दोन सोडून द्या, ते भरतीचे आहेत. ढग मॅडमनी मुद्दाम घातले होते. जो वरवर चाळेल तो ढगांपाशी थांबेल, आणि जो वाचेल तो धुळीपर्यंत पोहोचेल. किती साधी गोष्ट.

सुरुवातीची वर्षे चांगली गेली. सहा-सात विद्यार्थी, जमिनीवर सतरंजी. पेपर झाला की मॅडम मला हातात घेऊन एकेकाला विचारायच्या, "कुठे लिहिलंय? बोट ठेवून दाखव." मग माझ्या अंगावरून बोटे फिरायची. कुणाची खडूची, कुणाची तेलकट. चुकलेली मुलेसुद्धा "अरे हो की" म्हणून हसायची आणि पुन्हा चुकायची नाहीत.

मग क्लास वाढला. भाईंदरच्या इंद्रलोक भागात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, तीन बॅचेस झाल्या, बाहेर फलक लागला. ऑफिस सांभाळायला स्वप्नील आला. मुलगा कामसू आहे, मी त्याला नावे ठेवत नाही. त्याला स्पॅनिशचे एक अक्षर येत नाही, हेही त्याने कधी लपवले नाही. पण सामान हलवताना मॅडमच्या हातची उत्तरतालिका हरवली, आणि पेपर दुसऱ्या दिवशी होता.

"मॅडम, की सापडत नाहीये," स्वप्नील म्हणाला. "पण टेन्शन घेऊ नका, मी बनवतोय."

मॅडम फोनवर होत्या. त्यांनी मान हलवली.

त्याने ती कशी बनवली ते ऐका. मागच्या बॅचचे पंचवीस पेपर त्याने जमिनीवर पसरले. ते तपासायचे राहूनच गेले होते. ज्या प्रश्नाला जास्त मुलांनी जे अक्षर लिहिले होते ते त्याने बरोबर धरले आणि एका पुठ्ठ्याला त्या-त्या जागी पंचिंग मशीनने भोके पाडली. पुठ्ठा उत्तरपत्रिकेवर ठेवायचा, भोकातून दिसणाऱ्या खुणा मोजायच्या, झाले गुण. चौथ्या प्रश्नाला एकोणीस जण ढगांपाशी थांबले होते. म्हणून भोक पडले 'अ' वर. माझ्या पोटात काय लिहिले आहे हे मतदानाने ठरले, आणि मला कोणी विचारलेही नाही.

आता तुम्ही म्हणाल, मॅडमच्या लक्षात कसे आले नाही? अहो, लक्षात यायला बघावे लागते. मी त्यांचाच, त्यांनीच लिहिलेला, म्हणून त्यांनी मला पुन्हा वाचलेच नाही.

पुठ्ठ्याने तपासलेल्या त्या पहिल्याच पेपराला नॅथन नावाचा मुलगा बसला होता. भाईंदरचा, शांत, जहाजावर नोकरी करायची म्हणून स्पॅनिश शिकणारा. त्याने मला दोनदा वाचले. ओठ हलवत, एकेका ओळीखाली पेन्सिल धरून. सातव्या ओळीवर थांबला, परत पाचवीवर गेला, नववी वाचली, आणि मग 'ब' लिहिले. मला इतका आनंद झाला होता, काय सांगू. दोन दिवसांनी पुठ्ठा ठेवून स्वप्नीलने त्याचे गुण मोजले: सोळा. पेपरात माझ्यासारखे तीन उतारे, एकूण तीस गुण, आणि पास व्हायला अठरा लागतात. प्रत्येक प्रश्न दोन गुणांचा. नॅथन पुन्हा क्लासला आला नाही.

आमच्याकडे पेपर झाला की उतारे लगेच गोळा करून कपाटात ठेवतात आणि कुलूप लावतात, कारण पुढच्या बॅचला तेच वापरायचे असतात. उत्तरपत्रिकाही दाखवत नाहीत. त्यामुळे आपले काय चुकले ते विद्यार्थ्याला कळत नाही, आणि आमचे काय चुकवले जाते ते बाहेर सांगायची आम्हाला सोय नाही. वर्षातून तीनदा मला बाहेर काढले जायचे. एका पेपराआधी पिंकी नावाच्या मुलीने शेजारणीला शिकवलेले मी स्वतः ऐकले.

"पूर्ण नको ना वाचू. प्रश्नातला वर्ड शोध, तो जिथे असेल तिथली लाइन बघ, टिक कर. पाच मिनिटांत खल्लास."

पिंकीला सव्वीस गुण मिळाले. चार वर्षे हे असे चालले. ज्यांनी मला वाचले नाही ते हुशार ठरले. ज्यांनी वाचले त्यांचे दोन गुण कापले. आणि माझ्या डोक्यावर काय छापले आहे माहीत आहे का? 'आकलन चाचणी'.

या मार्चमध्ये ट्रिशा आली. उत्तनची मुलगी, आई मासे सुकवणारी. मीरा रोडच्या एका ऑफिसात स्पेनहून येणारे मेल वाचून उत्तरे द्यायचे काम तिला मिळणार होते, फक्त मधल्या पातळीचे प्रमाणपत्र शनिवारपर्यंत आणून द्यायचे होते. नाही दिले तर जागा दुसऱ्याला. तिने मला नॅथनसारखेच वाचले, सावकाश, शेवटपर्यंत, आणि 'ब' लिहिले. गुरुवारी निकाल लागला. सोळा.

शुक्रवारी दुपारी ती आईला घेऊन आली. आईचे नाव डॉरिस. भाईंदरच्या बाजारातून थेट आल्या होत्या, रिकामी टोपली त्यांनी चपलांजवळ ठेवली.

"मॅडम, मला माझा पेपर बघायचाय," ट्रिशा म्हणाली.

"आपल्याकडे दाखवत नाहीत गं, तुला माहितीये."

"मग नका दाखवू. पण मासेवाल्या उताऱ्याचा चौथा प्रश्न तेवढा बघा. तिथे मी धूळ लिहिलंय. बाहेर सगळे म्हणतायत की उत्तर पाऊस आहे."

स्वप्नीलने पुठ्ठा आणून बघितला. "पाऊसच आहे, मॅडम. अ."

मॅडमनी समजावणीच्या सुरात सांगितले, "ट्रिशा, असं होतं कधी कधी. तू उत्तनची, घरी मासे सुकवता. तू उताऱ्यातलं न लिहिता घरचं लिहिलंस. वाचनाच्या परीक्षेत जे समोर लिहिलंय तेवढंच धरायचं असतं."

मी कपाटात तडफडत होतो. हे वाक्य नेमके कुणी कुणाला सांगायचे, मित्रांनो?

तेव्हा डॉरिस बोलल्या. आवाज न चढवता, अगदी दर सांगावा तसे. "मॅडम, आमच्याकडं ढग आलं का आमी पयले बोंबील उचलतो. वलांडीवर बांबूला टांगलेलं असतंय, भिजलं तर गेलं सगलं. धुळीला कोन उचलतंय? आमच्याकडं समोर दर्या हाय, धूळ न्हाय येत. पोरीनं घरचं लिवलं असतं तर तिनं पाऊसच लिवला असता."

मग मॅडम उठल्या, कपाटाचे कुलूप काढले आणि मला हातात घेतले. ट्रिशाने पुढे होऊन माझ्या सातव्या ओळीवर बोट ठेवले. मॅडमनी वाचायला सुरुवात केली, पहिल्या ओळीपासून. पाचवी, सहावी. सातवीवर त्यांचे ओठ थांबले. नववी त्यांनी दोनदा वाचली.

"स्वप्नील, ही की कुणी बनवली?"

त्याने सांगितले. काहीही न लपवता, पंचवीस पेपर, जास्त मते, सगळे. "तुम्ही मान हलवली होती, मॅडम," तो म्हणाला. मॅडम त्याच्यावर ओरडल्या नाहीत. ओरडण्याचा हक्क आपल्याला नाही हे त्यांना कळले असावे, आणि तेवढे कळले याचे मी त्यांना गुण देतो.

ट्रिशाचे अठरा झाले. मॅडमनी तिथेच सही करून प्रमाणपत्र दिले. डॉरिसनी ते उलटसुलट बघून टोपलीत नाही, पदराखाली धरले. शनिवारी ट्रिशा कामावर रुजू झाली. इथे गोष्ट संपली असती तर मी एवढा तणतणलो नसतो.

त्या दोघी गेल्यावर मॅडमनी जुन्या उत्तरपत्रिका मागितल्या. त्या दर दिवाळीला रद्दीत जात. उरली होती फक्त गुणांची वही. त्यात चार वर्षांत सोळा गुणांवर अडकलेली अकरा नावे होती. त्यातल्या कुणी 'ब' लिहिले होते ते आता कोणालाच सांगता येणार नाही. म्हणजे मला येईल, पण माझे कोण ऐकतो? मॅडमनी अकराही जणांना फोन लावले. सात नंबर बंद होते. तिघांना काही आठवत नव्हते. नॅथनने फोन उचलला. तो आता इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो.

रविवारी तो आला. हाताला ग्रीस होते, ते त्याने पँटला पुसले. मॅडम माफी मागायला लागल्या, पुन्हा परीक्षा घेते, फी नको, असे बरेच काही बोलल्या.

"नको, मॅडम," तो म्हणाला. "फक्त तो कागद एकदा बघू दे."

त्याने मला खिडकीजवळ नेले. स्पॅनिश बरेचसे विसरला होता, शब्दाशब्दाला अडत होता. तरी पहिल्या ओळीपासून सुरू केले. सातव्या ओळीवर आला आणि बोट तिथेच ठेवून उभा राहिला.

"होतं इथे," तो म्हणाला. "मला वाटत होतं, मला वाचलेलं कळतच नाही. मग मी वाचणं सोडून दिलं. मराठीसुद्धा."

मला टेबलावर ठेवून तो कामावर गेला. त्याच्या बोटाचा काळा ठसा माझ्या सातव्या ओळीवर राहिला आहे. स्वप्नील पुसायला फडके घेऊन आला, तर मॅडम म्हणाल्या, राहू दे.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या शिक्षक होईल, कोणी पेपर तपासेल. माझे एकच मागणे आहे. दुसऱ्याला वाचता येते की नाही हे ठरवण्याआधी तो कागद स्वतः एकदा वाचा, शेवटच्या ओळीपर्यंत. फार वेळ लागत नाही. मी फक्त बावीस ओळींचा आहे.