फोटोतली भिंत

मातीच्या भिंतीपायी माझ्या पोरीचं लगीन जमता जमता मोडलं, हे आधीच सांगून ठेवते. मग मी लातूरच्या प्रदर्शनात वरडले का, असं कुणी विचारायला नको.

फाल्गुनात उदगीरचे पाव्हणे आमच्या राजकन्येला बघायला आले होते. पोरगी बी.एस्सी. झालेली, निलंग्याला शाळेत गणित शिकवती. पोरगं नोकरीला, घरी बंगला. पोराची आई सिंधुबाई. बाई आत आली, भिंतीकडं बघितलं, वर मातीच्या माळवदाकडं बघितलं, आन पदर असा आवरून बसली की जसा आमच्या घरात चिखलच साचलाय. राजकन्येला भिंतीपाशी उभी करून मोबाइलवर दोन फोटो काढले. चहा दिला, तर कपाला हात लावला न्हाई. साय धरली त्या चहावर. आठ दिवसांनी मधे पडलेले मडिवाळप्पा आले आन उंबऱ्याबाहेरूनच बोलले, "ताई, पोरगी पसंत हाय. पण घर मातीचं हाय म्हणतेत. चार लोकांत बरं दिसत न्हाई म्हणे."

आता मला सांगा, भिंत काय नांदायला जाणार होती त्यांच्याकडं?

आन ती भिंत कुणी लिंपलेली? राजकन्येनंच. पांढरी माती, शेण आन गव्हाचा भुसा आठ दिवस भिजवायचा, पायानं मळायचा, भिंतीला लावायचा आन वलं हाय तवर पाच बोटांनी अर्धे गोल वढायचे. दहा वर्षांची असल्यापासून दर दिवाळीला करती. लहानपणी तिची करंगळी दारात चेंगरली, ती वाकडीच राहिली. म्हणून तिची पाचवी रेघ जरा बाहेर पळती. मला तर ती रेघच लई आवडती. पण मडिवाळप्पा जाऊन आले त्या दिवसापासून पोरीनं भिंतीला हात लावला न्हाई, दिवाळीला बी न्हाई. एवढंच म्हणली, "झाकून टाक आई."

आता औशाचे दुसरे पाव्हणे रविवारी तिला बघायला यायचे होते. परत तेच नको म्हणून बुधवारी आम्ही मायलेकी लातूरला गेलो. तिथं घरसजावटीचं मोठं प्रदर्शन लागलेलं. भिंतीला ठोकायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या मिळतेत, अगदी संगमरवरासारख्या. दोन तासात मातीचं घर दिसत न्हाई, असं मडिवाळप्पांनीच सांगितलेलं.

काय एकेक नमुने त्या प्रदर्शनात! एका ठिकाणी सूप भिंतीला टांगून त्यात बल्ब लावलेला. मी म्हणलं, आगं, मग ह्यांनी पाखडायचं कशात? दुसरीकडं आमच्या सासूबाईच्या ट्रंकेसारखी ट्रंक, वर काच ठेवून टेबल केलेलं. राजकन्या हसली. किती महिन्यांनी हसली, म्हणून मी अजून दोन-चार ठिकाणी खामखा थांबले.

मग पट्ट्यांचं दुकान गाठलं. पांढऱ्यात राखाडी शिरा असलेली पट्टी पसंत केली. भिंतीची लांबी-उंची राजकन्येनं कागदावर लिहून आणलेली. दुकानदार पावती फाडणार, तेवढ्यात पोरीनं माझा दंड धरला.

समोरच्या दुकानात मातीची भिंत उभी केलेली. वर पाटी, "यंदाचा ट्रेंड, गावाकडची माती". आन भिंतीपुढं सिंधुबाई.

काळा शर्ट घातलेला पोरगा तिला समजावत होता. त्याच्या छातीवर शिवकुमार असं नाव लावलेलं. "मॅडम, पुण्याला सगळे हेच करून घेतायत."

"पण ही फारच गुळगुळीत आहे हो," सिंधुबाई म्हणाली. "मला खरी वाटली पाहिजे. थांबा, दाखवते."

तिनं पर्समधून मोबाइल काढला. मी तिच्या पाठीमागं जाऊन उभी राहिले होते. फोटो उघडला. आंबेरंगी साडीत माझी राजकन्या उभी, मान खाली घातलेली. मागं आमची भिंत. सिंधुबाईनं काचेवर दोन बोटं ठेवून ताणली. भिंत मोठी झाली, आन माझी पोरगी सरकत सरकत काचेच्या बाहेर गेली.

"हे असं पाहिजे बघा," ती म्हणाली. "अगदी अस्संच."

मग माझं डोकंच फिरलं.

"ओ बाई! त्या भिंतीपुढं कोण उभं होतं, ते बी सांगा की त्यांला!"

ती वळली. वळखलं. तोंड उतरलं, पण बाई हुशार, लगेच सावरली. "अगं बया, तुम्ही! बरं झालं भेटलात. मग तुम्हीच या की आमचा हॉल लिंपायला. येण्याजाण्याचं भाडं, जेवणखाण सगळं आमच्याकडं."

"आमच्या घरचा चहा चालला न्हाई तुम्हाला, आन आमचा चिखल चालतो व्हय? मातीच्या घरातली पोरगी नको, पण तिच्या हातची माती हॉलात पाहिजे! लाज कशी वाटत न्हाई हो?"

"मावशी, हळू बोला," शिवकुमार म्हणला. "कस्टमर आहेत."

"असू दे! मी काय चोरी केलीय? ऐकू दे की सगळ्यांला!"

माणसं जमली. राजकन्या पुढं झाली. ती वर्गात बोलती तशी सावकाश बोलली.

"काकू, जमलं न्हाई तर पोरीचा फोटो ठेवत नसतेत. काढून टाका."

"काढते गं. पण तेवढी भिंत..."

"भिंत बी माझीच हाय. पाचवी रेघ बघा." तिनं वाकडी करंगळी मोबाइलशेजारी धरली.

सिंधुबाईनं रेघ बघितली, करंगळी बघितली, आन मग पयल्यांदा माझ्या पोरीच्या तोंडाकडं बघितलं. फाल्गुनात तासभर समोर बसून बघितलं नव्हतं. तिनं बोट दाबलं. फोटो गेला.

"दुसरा बी," राजकन्या म्हणली. "दोन काढले होते."

दुसरा बी गेला. शिवकुमारनं विचारलं, "मग मॅडम, डिझाइन कोणतं धरायचं?"

पट्ट्यावाला मागनं हाका मारत होता, "मावशी, पावती!" मी पोरीकडं बघितलं. तिनं त्याच्या टेबलावरचा आपला मापाचा कागद उचलला, घडी घालून पर्समधी टाकला.

एसटीत ती म्हणली, "आई, रविवारला चारच दिवस हायत. माती आठ दिवस भिजवावी लागती."

"मग?"

"भिजंल तेवढ्यावर लिंपायची. भिंत वली तर वली."

आज रविवार. भिंत निम्मी वली हाय, घरभर मातीचा वास सुटलाय. राजकन्येच्या नखात अजून माती हाय, तिला म्हणलं राहू दे. चहाचं आधण ठेवलंय. औशाचे पाव्हणे येतीलच आता. भिंतीला टेकू नका, एवढं सांगीन. आन फोटो काढायचा असंल तर आधी माझ्या पोरीच्या तोंडाकडं बघा, मग मोबाइल काढा, हे बी सांगणार हाय.