उजवी कूस

आमच्या विभागात ‘मध्यम’ हा शब्द फार लाडका आहे. हृदयातली झडप किती अरुंद झालीय, तर मध्यम. म्हणजे आत्ता काही करायचं नाही, वर्षभराने या. पेशंटला हायसं वाटतं, डॉक्टरांना घाई नसते आणि मी पुढच्या माणसाला आत बोलावते. मी इको करते. छातीवर जेल लावून प्रोब टेकवायचा आणि पडद्यावर हृदयाची हालचाल बघायची, रक्ताचा वेग मोजायचा. दिवसाला वीस-बावीस माणसं. प्रत्येकजण विचारतो, “काय दिसतंय?” आणि मी प्रत्येकाला सांगते, “डॉक्टर सांगतील.”

बाबांनी आयुष्यभर पाणीपुरवठ्यात नोकरी केली. व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे, गळती शोधायची. गळती ते लोखंडी सळईने शोधायचे. सळईचं एक टोक पाइपवर, दुसरं कानाशी. लहानपणी मी सोबत गेले की मलाही ऐकवायचे. “एका बाजूनं ऐकून कधी ठरवायचं नाही,” असं त्यांचं म्हणणं. “पाणी फसवतं. पलीकडूनही ऐकायचं.”

माझ्या कामातही तेच आहे. रक्ताची धार प्रोबच्या नेमक्या रेषेत आली नाही, तर वेग आहे त्याहून कमी दिसतो. म्हणून पेशंटला आधी डाव्या कुशीवर घ्यायचं, आणि झडपेची शंका असेल तर उजव्या कुशीवरही. नवीन मुली उजवी बाजू विसरल्या की मी त्यांना फाडून खाते.

गेल्या वर्षी बाबांना जिना चढताना धाप लागायला लागली. त्यांच्या मते ती वयाची होती, आईच्या मते त्यांच्या हट्टीपणाची. घरच्या माणसाला आपण तपासायचं नाही, असा आमच्याकडे शिरस्ता आहे. पण बाबा अडून बसले.

“घरात इकोवाली असताना मी परक्यापुढे शर्ट काढू?”

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना आत घेतलं. शर्ट आणि बनियन निघाल्यावर दोघांनाही कुठे बघावं कळेना. त्यांना मी असं कधी पाहिलंच नव्हतं. बरगड्या वर आलेल्या, दंडाचं कातडं सैल. त्यांनी अंग चोरलं, मीही प्रोब नीट दाबून धरला नाही. डाव्या कुशीवर वेग आला सेकंदाला तीन पूर्णांक दोन मीटर. झडप जितकी अरुंद, तितका वेग जास्त; चारच्या वर गेला तर झडप बदलायचा विचार करायचा असतो. ‘आता उजव्या कुशीवर वळा’ हे वाक्य माझ्या तोंडाशी होतं, पण बाबा उठून शर्ट चढवू लागले होते. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. मी लिहिलं, ‘मध्यम’.

“मध्यम म्हणजे पास,” बाबांनी घरी जाऊन आईला सांगितलं. मग वर्षभर भेटेल त्याला तेच ऐकवलं.

या महिन्यात ते जिन्यात कोसळले. त्या दिवशी त्यांचा इको आमच्यातल्या सर्वांत जुन्या तंत्रज्ञांनी केला. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. बाबा अर्धवट शुद्धीत होते. डाव्या कुशीवर वेग आला तीन पूर्णांक तीन. मग मास्तरांनी त्यांना हलकेच उजव्या कुशीवर वळवलं आणि पडद्यावर आकडा उमटला, चार पूर्णांक सात. डावीकडचा आकडा वर्षभरात जवळपास हललाच नव्हता. म्हणजे झडप तेव्हाही अशीच असणार. मास्तरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि आकडा लिहून घेतला. सीटी स्कॅनमध्ये झडपेवर चुन्याचे थर स्वच्छ दिसले.

“वर्षभरात झपाट्यानं वाढलेलं दिसतंय,” आमच्या विभागाच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. मी मान डोलावली. त्या डोलावलेल्या मानेची मला अजून लाज वाटते.

“छाती उघडणार असाल तर मी आपला घरी जातो,” बाबांनी आधीच बजावून ठेवलं होतं. त्यांचे थोरले भाऊ तशाच ऑपरेशनमधून परत आले नव्हते. डॉक्टरबाई खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसल्या. मांडीतल्या रक्तवाहिनीतून एक नळी हृदयापर्यंत न्यायची, नवी झडप मिटवून त्या नळीतून वर न्यायची आणि जुन्या झडपेच्या आत उघडायची, असं त्यांनी समजावलं.

“म्हणजे जुना व्हॉल्व्ह काढत नाही?” बाबांनी विचारलं.

“नाही. नवी झडप त्याला कडेला दाबून बसते.”

“आणि हे सगळं चालू लाइनीत?”

“हृदय चालूच असतं. झडप उघडताना फक्त काही सेकंद त्याला इतकं जोरात पळवतो, की रक्त जवळजवळ पुढे जात नाही.”

“म्हणजे बंद करताच की!” बाबांची कळी खुलली. “आम्ही एका व्हॉल्व्हसाठी अख्खी वस्ती दुपारपर्यंत कोरडी ठेवायचो. वर शिव्या खायचो.”

त्यांनी सही केली. पेन परत देताना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हिनं तपासलं होतं, म्हणून मी वर्षभर निर्धास्त होतो.” मी सहीचा कागद फाइलीत लावला.

झडप दीड तासात बसली. दुसऱ्या दिवशी बाबा पलंगावर बसून चहा पीत होते. पुन्हा इको करायचा होता. मास्तर म्हणाले, “मी करतो.” मी म्हटलं, “नको, मीच करते.”

या वेळी बाबांचा शर्ट मीच काढला आणि प्रोब नीट दाबून धरला. डावी बाजू झाली.

“आता उजव्या कुशीवर वळा, बाबा.”

ते वळले. भिंतीकडे तोंड करून म्हणाले,

“मागच्या वेळी ही बाजू नव्हती.”

“नव्हती.”

“पलीकडून ऐकलं नाहीस.”

“नाही. तुम्हाला अवघडल्यासारखं झालं होतं. मलाही. झडप तेव्हाच बिघडली होती, बाबा. चूक माझी आहे.”

त्यांचा श्वास मला प्रोबखाली जाणवत होता. त्यांनी विचारलं, “आता काय दिसतंय?”

डॉक्टर सांगतील, हे सवयीने ओठांवर आलं. मी ते गिळलं.

“झडप छान बसलीय. पण हृदयाचा स्नायू थकलाय. वर्षभर अरुंद वाटेतून रक्त ढकलत होता. थोडी ताकद परत येईल. सगळी येईल असं वाटत नाही.”

“हं,” बाबा म्हणाले. मला रडू फुटलं. त्यांनी मला रडू दिलं, पाठीवर हात ठेवला नाही.

मग म्हणाले, “आमच्याकडे व्हॉल्व्हची नोंद चुकली, तर ज्यानं चुकवली त्यानंच वहीत लाल शाईनं दुरुस्त करायची. नाहीतर पुढचा माणूस चुकीच्या जागी खणत बसतो. तू लिहिलंस?”

मी रिपोर्ट उघडला. मागील तपासणीशी तुलना, या चौकटीत टाइप केलं आणि त्यांनी सांगितलं म्हणून मोठ्याने वाचलं: “मागील तपासणीत उजव्या कुशीवरून वेग मोजला नव्हता. ‘मध्यम’ हा निष्कर्ष चुकीचा होता. तपासणी करणारी: रुग्णाची मुलगी.”

मग वाटलं, रिपोर्टमध्ये हे शोभत नाही. मी ‘मुलगी’ खोडून ‘तंत्रज्ञ’ लिहायला लागले.

“राहू दे ते,” बाबा म्हणाले. “तंत्रज्ञ असतीस तर वळवलं असतंस.”

मी तो शब्द तसाच ठेवला, खाली सही केली आणि त्यांच्या छातीवरचं जेल पुसायला घेतलं.